तळे, छायाचित्र आणि दुसरे शील



ज्या घरात नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे अशा घरी गेलो म्हणजे एक प्रश्न हमखास निघतो. घरातला कर्ता माणूस म्हणतो, "सर, पंचशील आम्ही रोज म्हणतो. पण दुसऱ्या शीलाचं काय? आम्ही कुठं कुणाची चोरी करतो?" या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले असे. मापात मारू नये, कामाच्या वेळेत अंगचोरी करू नये, उसने घेतलेले बुडवू नये. उत्तर चुकीचे नव्हे. परंतु ते देताना माझ्या मनात एक समाधान असे, की मी स्वतः या सगळ्यातून सुटलेला माणूस आहे. ते समाधान एका तळ्याच्या काठी मोडले. कसे मोडले ते सांगतो. मग ही गोष्ट दुसऱ्या शीलाची आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मी ठाण्यात राहतो. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा तलाव बाहेरच्यांनाही ठाऊक असतो. माझ्या घराजवळचे तळे मात्र लहान आहे, आणि त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. भोवती तीन-चार मजल्यांच्या जुन्या सोसायट्या, काही बैठी घरे, त्यांच्या मागे अलीकडे उभे राहिलेले टॉवर. एका बाजूला दगडी पायऱ्या, उरलेल्या तीन बाजूंना कठडा आणि चालण्याची फरसबंद वाट. हमरस्ता दूर असल्याने वस्ती शांत. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने त्याचा जुना कॅमेरा माझ्या हाती दिला आणि मी रोज पहाटे व रोज संध्याकाळी त्या तळ्याचे फोटो काढू लागलो.

ज्यांनी हे केले नसेल त्यांनी एकदा करून पाहावे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेतून तिरपे, लांबचे अंतर कापून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखरून जातो आणि तांबडा-पिवळा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून त्या वेळी शेवाळलेली भिंतसुद्धा सोन्याची दिसते. पहाट आणि संध्याकाळ आपल्याला सारख्या वाटतात, पण त्या सारख्या नसतात. रात्रभर जमीन निवलेली असते, वारा पडलेला असतो, म्हणून पहाटेचे पाणी आरशासारखे असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार राहते, त्याची वाफ गारव्यात थिजते आणि तळ्यावर हातभर उंचीचे धुके तरंगते. ऊन आले की पाहता पाहता विरते. संध्याकाळी हवेत दिवसभराची धूळ असते, रंग दाट होतात, पण पाणी हलत राहते आणि बगळे झाडावर जागेसाठी भांडत असतात. पायरीवर ढोकरी मान आखडून बसलेली असते. ती दगडाच्या रंगात इतकी मिसळून जाते की उडाली आणि पांढरे पंख उघडले म्हणजेच ती तेथे होती हे कळते. मी पस्तीस वर्षे त्या तळ्यावरून शाळेत गेलो, पण ढोकरी पाहिली ती निवृत्तीनंतर.

आमच्या विहारातले एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "हे रिकामपणाचे धंदे आहेत. समाजापुढे प्रश्न काय, तुम्ही करता काय!" त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु डोळ्यांना सुख होणे म्हणजे तृष्णा, असे धम्मात कोठे आहे? महापरिनिर्वाणाच्या आधी वैशालीत असताना भगवंतांनी आनंदाला ती नगरी आणि तिथली चैत्यस्थाने किती रमणीय आहेत हे सांगितले, असे महापरिनिब्बान सुत्तात आहे. डोंगर, मेघ, पाणी पाहून आनंदलेल्या भिक्खूंचे उद्गार थेरगाथेत आहेत. तेव्हा पाहण्यात दोष नाही. दोष दुसरीकडे होता, आणि तो त्या कार्यकर्त्यांनाही दिसला नाही व मलाही दिसला नाही.

पहाटे सहाच्या सुमारास सफाई कामगार बाई तळ्याभोवतीची वाट झाडीत येत असे. हातात लांब खराटा, साडीवर चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट. उजेड सर्वांत चांगला असतो नेमक्या त्याच वेळी ती माझ्या चौकटीत शिरे. मग मी थांबे. पट्ट्यांची ती चकाकी सगळे चित्र बिघडवते असे मला वाटे. पाच मिनिटे, सात मिनिटे मी कॅमेऱ्याला डोळा न लावता नुसता उभा राही आणि ती पलीकडे गेली की फोटो काढी. तिला मी कधी 'जा' म्हटले नाही, हातानेही खुणावले नाही. तेवढा सभ्य मी होतो.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुके फार सुरेख पडले होते. ती वळणावर आली, मला पाहिले, खराटा उचलला, वडाच्या बुंध्याआड जाऊन उभी राहिली आणि तेथून म्हणाली, "सर, मी बाजूला झाले. आता काढा."

मी काढला. फोटो उत्तम आला.

घरी येऊन पडद्यावर मोठा करून पाहिला. पाणी, धुके, पायरी, एक ढोकरी. माणूस नाही. खाली नाव द्यायचे म्हणून मी 'शांतता' असे लिहिले, आणि लिहिता लिहिता थांबलो. ही शांतता आली कोठून? झाडाआड एक बाई श्वास धरून उभी होती म्हणून ती आली होती.

माझ्या मनाला सगळ्यात लागले ते हे, की तिला कोणी सांगावे लागले नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतल्या पुण्याची हकीगत दिली आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालायचे, म्हणजे त्याची पावले मागच्या मागे पुसली जातील. आज तशी सक्ती करील असा मायेचा पूत नाही. परंतु दुसऱ्याच्या वाटेतून आपण होऊन बाजूला होण्याची सवय सक्ती उठली म्हणून लगेच उठत नाही. आणि ही सवय आपल्या फायद्याची असेल तर ती आहे हे आपल्यालाही दिसत नाही. मी कोण? एका सफाई कामगार बाईचा मुलगा! माझी आई एकतीस वर्षे हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत होती. तिच्या पगारावर मी शिकलो, मास्तर झालो आणि कॅमेरा घेऊन खराट्याची बाई चौकटीबाहेर जाण्याची वाट पाहत उभा राहिलो.

छायाचित्रणाच्या अगदी आरंभीची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमधल्या एका मोठ्या रस्त्याचे छायाचित्र उंचावरून घेतले. दिवसाची वेळ होती, रस्त्यावर माणसे आणि घोडागाड्या चालू होत्या. पण चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत. जे हलत होते ते उमटले नाही. गजबजलेला रस्ता ओसाड दिसला. फक्त एक गृहस्थ बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी पाय पुढे करून उभा होता, तो उमटला. माणूस दिसतो असे हे जगातले पहिले ज्ञात छायाचित्र मानतात. त्याच्या पायाशी बसून ब्रश चालवणारा मात्र एका अस्पष्ट डागासारखा दिसतो, कारण त्याचे हात चालू होते. पहिला माणूस ज्याच्या कामामुळे स्थिर राहिला आणि इतिहासात गेला, त्या कामगाराला चेहरा नाही. हे चित्र पाहिल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही.

माझ्या कॅमेऱ्यातही तेच होते. अंधुक उजेडात तो तिपाईवर ठेवून वीस सेकंद उघडा ठेवला तर पाणी काचेसारखे गुळगुळीत दिसते आणि चालता माणूस नाहीसा होतो. हल्लीच्या फोनवर तर नको असलेला माणूस बोट फिरवून पुसता येतो आणि त्याच्या जागी झाड किंवा भिंत भरली जाते. मुलांना विचारा, ती करून दाखवतील. यंत्राला यात दोष नाही. यंत्र विचारते, काय ठेवू? उत्तर आपण देतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसरे शील म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. अट्ठकथेत अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याची असावी, ती दुसऱ्याची आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असावे, चोरण्याचे चित्त असावे, त्यासाठी प्रयत्न व्हावा आणि त्या प्रयत्नाने ती घेतली जावी. ही पाच अंगे मी एकेक करून स्वतःला लावून पाहिली. उजेड कोणाच्या मालकीचा नाही. धुकेही नाही, ढोकरीही नाही. मग दुसऱ्याचे मी काय घेतले? त्या वेळी त्या वाटेवर असण्याचा तिचा हक्क घेतला. ती तेथे कामावर होती, मी हौसेने आलो होतो. बाजूला व्हायचेच तर कोणी व्हायचे? शिवाय वाट स्वच्छ होती म्हणून माझा फोटो स्वच्छ होता, आणि स्वच्छता तेवढी ठेवून स्वच्छ करणारीला मी वगळत होतो. हे मला ठाऊक होते का? रोज पाहत होतो, मग ठाऊक नव्हते कसे म्हणू? प्रयत्न होता का? रोज सात मिनिटे थांबणे हा प्रयत्नच होता.

राहिले चित्त. येथे माझे मन पळवाट शोधू लागले. ते म्हणाले, माझ्या मनात वाईट हेतू नव्हता, मी तिच्याविषयी काही विचारच केला नव्हता. वाचकहो, आपल्या आई-बापांना ज्यांनी पाणवठ्यापासून दूर ठेवले त्यांच्यापैकी पुष्कळांनी आपल्याविषयी काही विचारच केलेला नव्हता. त्यांचा द्वेष नव्हता, सवय होती.

तुम्ही म्हणाल, तिने आपणहून दिले, मग ते न दिलेले कसे? ही शंका खरी आहे आणि मी तिच्याशी बरेच दिवस झगडलो. शब्दशः पाहिले तर शीलभंग झाला असे मी म्हणणार नाही. विहारात कोणी मला दोष दिला असता तर मी वाद जिंकलोही असतो. परंतु 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. मला वाटते दुसरे शीलही तसेच वाचले पाहिजे. जे संकोचाने, सवयीने किंवा समोरच्याच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहून हातातून सुटते, ते दिलेले आहे असे समजून खिशात टाकणे हे सोयीचे आहे, एवढेच.

आणि तळे म्हटले म्हणजे आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले ते त्या पाण्यात काही विशेष होते म्हणून नव्हे. तो सार्वजनिक जागी बरोबरीने उभे राहण्याचा प्रश्न होता. त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. तळे पाहायला आपल्या वाडवडिलांना कोणी अडवीत नव्हते. अडवीत होते ते त्याच्याजवळ माणूस म्हणून उभे राहायला. माझ्या चौकटीतही तळे सर्वांना पाहायला होते, फक्त त्याच्याजवळ एका बाईने उभे राहायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पश्चात्तापाच्या भरात आणखी एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकीगत प्रामाणिक होणार नाही. मी ठरवले, आता तिचाच फोटो काढायचा. मागून ऊन, खराट्यातून उडणारी सोनेरी धूळ, वाकलेली काळी आकृती. अशा फोटोंना बक्षिसे मिळतात. तिला न विचारता मी चार-पाच फोटो काढले आणि मोठ्या उत्साहाने तिला दाखवायला गेलो. तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"खराट्यासकट नको हो सर. नात शाळेत जाते माझी. हे कुणी बघितलं तर?"

मी म्हणालो, "कामाची काय लाज, ताई?"

"लाज नाही. काम करते ती मी. पण फोटो माझा आहे ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काल मी तिची हजेरी घेतली होती, आज तिची प्रतिमा घेतली. दोन्ही वेळा न विचारता. तिच्यासमोर ते फोटो पुसले. आपल्या वस्त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात ते नेहमी तुंबलेल्या गटाराचे आणि उघड्या पोराचे, याची तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण आपणही आता शाळेच्या वह्या वाटताना किंवा भोजनदान देताना घेणाऱ्याचा हात पुढे आला की फोन वर करतो. घेणाऱ्या मुलाला कॅमेऱ्याकडे बघ म्हणून सांगतो. हे बंद झाले पाहिजे. दान दिले, त्याबरोबर त्याचा चेहरा कशाला घेतला?

रात्री आईचा फोटो काढून बसलो. तिचे दोनच फोटो आमच्याकडे आहेत. एक नोकरीच्या ओळखपत्रावरचा, ज्यात ती गुन्हेगारासारखी समोर पाहते आहे. दुसरा स्टुडिओतला. पूर्वी स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. आईच्या मागच्या पडद्यावर तळे आहे. पायऱ्या, कमळे, दूरवर डोंगर. शेजारणीची साडी नेसून, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यामुळे पदराचे टोक धरून ती त्या कापडी तळ्याच्या काठी उभी आहे. खऱ्या तळ्याच्या काठाने तिने किती वर्षे खराटा ओढला, पण फोटोसाठी तिला पैसे मोजून खोट्या तळ्यापाशी जावे लागले. लहानपणी मी त्या पडद्याला हसत असे.

सिगाल सुत्त तुमच्या घरी वाचले जात असेल. नसेल तर येत्या पौर्णिमेला वाचा. सिगाल हा राजगृहातला तरुण पहाटे आंघोळ करून, ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडत होता, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याला थट्टेवारी नेले नाही. दिशा म्हणजे माणसे, हे समजावले. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण, आणि खालची दिशा म्हणजे कामकरी माणसे. त्यांना झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर मोकळे सोडावे. हे सुत्त मी विहारात कितीदा तरी वाचून दाखवले आहे. आणि तळ्याच्या काठी मी काय करीत होतो? पहाटे पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला. दोन दिशांची पूजा चालू होती. खालच्या दिशेचे मला भान नव्हते. सिगालाला निदान सहा दिशा मोजता येत होत्या.

पुढे आठ-दहा दिवसांनी मीच तिला विचारले, "ताई, मग तुमचा फोटो कसा काढू? काढायचा असेल तर."

तिने जरा विचार केला. "संध्याकाळी काढा. मी येते नातीला घेऊन."

रविवारी संध्याकाळी ती आली तेव्हा प्रथम मला ओळखूच आली नाही. निळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हाताला आठ-नऊ वर्षांची मुलगी. जवळ येऊन तिने "जयभीम सर" म्हटले. वर्षभर रोज समोरासमोर येऊन आम्ही पहिल्यांदाच एकमेकांना जयभीम घातला. पायरीवर कोठे बसायचे ते तिनेच ठरवले. उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून मी तिला दोन पायऱ्या खाली बसायला सुचवले तर म्हणाली, "नको, खाली शेवाळ आहे, मला माहीत आहे." पाणी हलत होते, मागे बगळ्यांचा गोंगाट चालला होता आणि नात एका जागी बसत नव्हती, म्हणून तिचा एक हात पुसट आला आहे.

हा फोटो लेखाबरोबर छापावा असे संपादकांनी सुचवले होते. मी दिला नाही. तो तिचा आहे आणि तिच्या घरी भिंतीवर आहे.

कागदावर छापून आणलेला फोटो मी तिला सकाळी कामावरच दिला. तिने खराटा कठड्याला टेकवला, हात साडीला पुसले आणि बराच वेळ पाहिले. मला वाटले आपल्याकडे पाहते आहे, नातीकडे पाहते आहे. तिने फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तेथे वडाखाली पानांचा थर पडलेला होता. मावळतीच्या उन्हात तो तांबूस दिसत होता आणि मला तर तो फोटोतला सगळ्यात चांगला भाग वाटला होता.

"रविवारी सुट्टी होती ना माझी," ती म्हणाली. "बदलीवाल्यानं हा कोपरा झाडलाच नाही बघा."